पोटातल्या शिरेत गुठळी निघाली, आता सुया घ्यायच्या का?

बीड जिल्ह्यातल्या एका मुलाने विचारलं आहे. वडिलांना घरात आप्पा म्हणतात, वय ६१. चार महिन्यांपूर्वी स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. कावीळ होती म्हणून पित्तनलिकेत स्टेंट टाकला, मग पुण्यात केमो सुरू झाली आणि तिच्या चार सायकल, म्हणजे चार फेऱ्या, झाल्या. परवाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहून आलं की पोर्टल व्हेन आणि सुपीरियर मेसेंटेरिक व्हेनमध्ये थ्रॉम्बस आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी गुठळी वाढू नये म्हणून पोटात टोचायच्या सुया लिहून दिल्या. गावाजवळचे डॉक्टर म्हणाले, कशाला, रक्ताची उलटी होईल, राहू द्या. चुलते म्हणतात, ही गाठ सुटून हृदयात गेली तर माणूस जागेवर जातो. मुलाचे प्रश्न तीन आहेत. कर्करोग वाढला का? सुया घ्यायच्या का? केमो थांबवायची का?

मी लातूरला मेडिसिनचा डॉक्टर आहे, वीस-बावीस वर्षं झाली. कर्करोगतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. पण आपल्या भागातले पेशंट केमो घ्यायला पुण्या-मुंबईला, बार्शीला किंवा संभाजीनगरला जातात आणि दोन केमोंच्या मधले दिवस आमच्या आसपास काढतात. ताप आला, पाय सुजला, प्लेटलेट उतरल्या की रात्री अकराला आमचंच दार वाजतं. त्यामुळे या गुठळ्या आणि या सुया मी बऱ्याच पाहिल्या आहेत. आप्पांचं स्कॅन मात्र मी पाहिलेलं नाही. म्हणून इथे लिहितो ते ‘मी कसा विचार करतो’ एवढंच समजा. ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ हे त्यांना तपासणारा डॉक्टरच सांगू शकतो.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवू, कारण अर्धी भीती त्यातून येते. आपल्याकडे ट्यूमरलाही गाठ म्हणतात, जांघेत आलेल्या अवधाणालाही गाठ म्हणतात आणि शिरेत रक्त गोठलं तरी लोक गाठच म्हणतात. डॉक्टर घाईत सांगतो, ‘शिरेत गाठ दिसतेय’, आणि घरचे ऐकतात की कॅन्सरची दुसरी गाठ आली. मागे कंधारकडच्या एका कुटुंबाने एवढ्यावरून केमो सोडून दिली होती. दोन महिन्यांनी आले तेव्हा कळलं की त्यांना गुठळीबद्दल कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी गोठलेल्या रक्ताला फक्त ‘गुठळी’ म्हणतो. आप्पांच्या रिपोर्टमधला थ्रॉम्बस म्हणजे गुठळी.

आता ती तिथेच का झाली? आतड्यांकडून रक्त घेऊन एक मोठी शीर वर येते, ती सुपीरियर मेसेंटेरिक. प्लीहेकडून, जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात तिच्याकडून, दुसरी येते, ती स्प्लेनिक. तेरणा जशी मांजऱ्याला मिळते तशा या दोघी मिळतात आणि पुढे पोर्टल व्हेन होऊन यकृतात शिरतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश या एका शिरेतून जातं. आणि हा संगम होतो कुठे, तर स्वादुपिंडाच्या मानेच्या बरोबर मागे. स्प्लेनिक शीर तर स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटूनच धावते. म्हणजे स्वादुपिंडात ट्यूमर वाढला की पहिला दाब या शिरांवर येतो.

रक्त गोठण्याची तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने शिकवली जातात. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्तातच गोठण्याची ओढ वाढणं. पायाच्या गुठळीत यातलं एखादं कारण ठळक असतं. इथे तिन्ही एकाच जागी जमतात. ट्यूमर शीर दाबतो म्हणून वेग मंदावतो, तिच्या भिंतीला भिडतो म्हणून अस्तर खराब होतं, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी टिश्यू फॅक्टर नावाचा पदार्थ रक्तात सोडतात, जो गोठण्याची साखळी सुरू करून देतो. त्यात केमो, हातातल्या किंवा छातीतल्या नळ्या, अंथरुणावर पडून राहणं आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडणं यांची भर. सगळ्या कर्करोगांमध्ये गुठळ्यांसाठी सर्वात बदनाम असलेल्यांत स्वादुपिंड आणि जठर यांचे कर्करोग येतात. पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानात सांगितलं होतं की ज्याच्या शिरांत वारंवार गुठळ्या होतात त्याच्या पोटात लपलेला कर्करोग शोधा. दोन वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली, तिचा अर्थ त्यांनी ओळखला आणि त्याच वर्षी ते पोटातल्या कर्करोगाने गेले. मेडिसिन शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कधी ना कधी कुणीतरी सांगतंच.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: गुठळी झाली म्हणजे कर्करोग वाढलाच असं नाही. ट्यूमर होता तेवढाच असताना किंवा केमोने थोडा आकसलेला असतानाही गुठळी होते. पण स्कॅनवाल्या डॉक्टरांना दोन गोष्टी मुद्दाम विचारायच्या. पहिली, ही साधी रक्ताची गुठळी आहे की ट्यूमरच शिरेच्या आत वाढलाय? ट्यूमर आत वाढला असेल तर शीर फुगलेली दिसते आणि आतल्या भागात सीटीच्या वेळी शिरेतून दिलेल्या औषधाचा रंग चढतो, कारण ट्यूमरला स्वतःचा रक्तपुरवठा असतो. साध्या गुठळीला तो नसतो. यकृताच्या कर्करोगात असं जास्त दिसतं, स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात कमी, पण दिसतं. दुसरी, शीर आतून गुठळीने भरलीय की बाहेरून ट्यूमरने आवळलीय? रिपोर्टमध्ये हे दोन्ही कधीकधी एकाच वाक्यात येतं आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. आवळलेल्या शिरेला रक्त पातळ करणारं औषध काही करू शकत नाही.

आप्पांच्या बाबतीत हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. ‘आधी केमो, मग ऑपरेशन’ असा बेत असेल तर सर्जनला शिरेची अवस्था कळायलाच हवी. शिरेचा थोडा भाग बाधित असला तर तो कापून पुन्हा जोडता येतो. पण त्यासाठी वर आणि खाली जोडायला चांगली शीर शिल्लक लागते. लांबपर्यंत बंद झालेली शीर ऑपरेशनचा बेत बदलू शकते. म्हणून नुसता रिपोर्टचा कागद नको, स्कॅनची सीडी सर्जनला दाखवा.

चुलत्यांची भीती अर्धी खरी आहे. पायाच्या शिरेतली गुठळी सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाते आणि ते जिवावर बेतू शकतं. पोर्टल शिरेतलं रक्त मात्र आधी यकृतात जातं आणि तिथल्या बारीक वाटांतून गाळून पुढे निघतं, म्हणून ही गुठळी तशी सुटून हृदयात जात नाही. पण ज्याच्या रक्तात गोठण्याची एवढी ओढ आहे त्याच्या पायातही गुठळी होऊ शकते. आप्पांचा एकच पाय सुजला, पिंढरी दुखली, अचानक दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. चुलत्यांना सांगा, लक्ष पोटाइतकंच पायावरही ठेवा.

मग पोटातल्या गुठळीचा धोका काय? तो कोणत्या शिरेत आणि किती वेगाने गुठळी झाली यावर आहे. आतड्याची शीर एकदम बंद झाली तर आतड्यातलं रक्त बाहेर पडत नाही, आतडं सुजतं, आणि फार झालं तर काळं पडतं. ते दुखणं वेगळं असतं. पोट दाबून पाहावं तर फारसं कडक लागत नाही आणि माणूस मात्र तडफडतो. ही तातडीची वेळ. पोर्टल शीर बंद झाली तर मागे दाब वाढतो, पोटात पाणी होऊ शकतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. स्प्लेनिक शीर बंद झाली तर पानथरी वाढते आणि जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुगतात. हे सगळं सावकाश घडलं तर शरीर स्वतःची सोय करतं. मुख्य पाट तुंबला की पाणी बांधाच्या कडेकडेने दहा ठिकाणी वाट काढतं, तशा काही आठवड्यांत बंद शिरेभोवती बारीक शिरांचं जाळं तयार होतं. सीटीच्या भाषेत त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. रिपोर्टमध्ये हा शब्द असेल तर गुठळी जुनी आहे असं समजा.

आता मुख्य प्रश्न, सुया घ्यायच्या का. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, हे ऐकून मुलाला राग येईल. पण पुण्याचे डॉक्टर गुठळी वाढण्याकडे पाहताहेत आणि गावचे डॉक्टर रक्तस्रावाकडे. या पेशंटमध्ये दोन्ही धोके खरे आहेत. कर्करोगातल्या गुठळ्यांवरचे मोठे अभ्यास पायाच्या आणि फुप्फुसाच्या गुठळ्यांवर झाले. पोटातल्या शिरांसाठी आम्ही तिथलंच ज्ञान उसनं घेऊन वापरतो, म्हणून डॉक्टरा-डॉक्टरांत मतं वेगळी पडतात.

माझा हिशेब असा. गुठळी ताजी असेल, पोट दुखत असेल किंवा ती आतड्याच्या वा पोर्टल शिरेत असून मागच्या स्कॅनमध्ये नव्हती, आणि रक्तस्राव चालू नसेल, तर मी औषध देण्याच्या बाजूने असतो. गुठळी जुनी असेल, जाळं तयार झालं असेल, त्रास काही नसेल, किंवा फक्त स्प्लेनिक शिरेत असेल, तर मी घाई करत नाही. मधल्या पेशंटमध्ये मी कधी कधी दोन-चार आठवड्यांनी पुन्हा डॉप्लर सोनोग्राफी किंवा सीटी करून पाहतो. वाढली तर सुरू करतो. आप्पांच्या रिपोर्टमध्ये पोर्टल आणि मेसेंटेरिक या दोन्ही शिरांची नावं आहेत आणि केमो चालू आहे, म्हणजे वरवर पाहता पुण्याच्या डॉक्टरांचा कल मला पटतो. पण ‘वरवर पाहता’ या शब्दांवर जोर आहे.

कारण मी एकदा घाई केली होती. धाराशिवकडचे एक शेतकरी, स्वादुपिंडाच्या शेपटाकडे ट्यूमर, स्प्लेनिक शिरेत गुठळी. रिपोर्ट पाहिला आणि त्याच दिवशी पूर्ण डोस सुरू केला. पानथरी वाढलेली होती, प्लेटलेट जेमतेम होत्या. या दोन्ही गोष्टी मला सांगत होत्या की गुठळी जुनी आहे आणि जठरातल्या शिरा फुगलेल्या असणार. मी ऐकलं नाही. अकराव्या दिवशी रक्ताची उलटी झाली. ते वाचले, चार बाटल्या रक्त लागलं. तेव्हापासून शंका आली की मी आधी दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर पाहून घेतो. फुगलेल्या शिरा निघाल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करायचा, मग औषधाचा विचार.

सुरू करण्यापूर्वी मी काय पाहतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला विचारता येईल. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, किडनीसाठी क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या. प्लेटलेट ५० हजारांच्या वर असतील तर साधारण पूर्ण डोस. २५ ते ५० हजारांच्या मध्ये असतील तर डोस निम्मा करायचा की थांबवायचा हे पेशंट पाहून ठरवतो. २५ हजारांच्या खाली बहुधा थांबवतो. किडनी अशक्त असेल तर ही सुई शरीरात साठते, म्हणून डोस बदलतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे का? कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी चालू आहे का? हा शेवटचा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मी रक्तस्राव होऊन आलेले जितके पेशंट पाहिले त्यात गुठळीच्या औषधाइतकाच वाटा या वेदनाशामक गोळ्यांचा होता. स्वादुपिंडाचं दुखणं पाठीत जातं, माणूस त्यावर गोळ्या खातो आणि डॉक्टरला सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते वेगळं दुखणं. आप्पांना दुखत असेल तर सांगा, त्यासाठी मॉर्फिनपर्यंतची वेगळी औषधं आहेत आणि ती या सुयांबरोबर चालतात.

कावीळ पुन्हा चढली असेल तर आणखी एक गुंता होतो. पित्त आतड्यात उतरत नाही, तेलकट अन्न पचत नाही, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वाढलेला येतो. कुणीतरी म्हणतं, रक्त आधीच पातळ आहे, औषध कशाला. तसं नसतं. अशा पेशंटमध्ये रक्तस्रावही होतो आणि गुठळीही होते, दोन्ही एकाच वेळी. व्हिटॅमिन के देऊन आणि स्टेंट मोकळा आहे का ते पाहून मग पुढे जायचं.

‘रक्त पातळ करणारं औषध’ हा दुसरा फसवा शब्द. लोकांना वाटतं, रक्त पाण्यासारखं होईल, अंगातलं रक्त कमी होईल, अशक्तपणा येईल. एक आजी मला म्हणाल्या होत्या, आधीच लेकराच्या अंगात रक्त नाही आणि तुम्ही ते पातळ करता. हे औषध रक्त पातळ करत नाही. रक्तातले गोठवणारे घटक थोडे सुस्त करतं. झालेली गुठळीही ते विरघळवत नाही. ते फक्त ती वाढू देत नाही, आणि मधल्या काळात शरीर तिला हळूहळू साफ करतं किंवा नवीन वाटा काढतं. म्हणून तीन महिन्यांनी ‘गुठळी अजून आहे’ असं स्कॅनमध्ये आलं तर औषध फेल झालं असं समजू नका. वाढली नाही, दुखणं कमी आहे, हेही यशच.

सुई की गोळी? सुई म्हणजे बहुधा एनॉक्सापॅरिन, वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. काही पेशंटना दीडपट डोस दिवसातून एकदाच देतात. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉलची जुनी गोळी मी या पेशंटना सहसा देत नाही. भूक नाही, खाणं रोज वेगळं, उलट्या, केमोची औषधं, या सगळ्याने तिचा परिणाम वर-खाली होतो आणि आयएनआर पाहायला आठवड्याला गावातून यावं लागतं. २००३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात कर्करोगाच्या पेशंटमध्ये याच प्रकारच्या सुईने वॉरफरिनच्या मानाने नव्या गुठळ्या निम्म्यावर आल्या होत्या. नंतर नवीन गोळ्या आल्या, ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, एडोक्साबॅन. त्या सोयीच्या आहेत आणि भारतीय कंपन्या बनवू लागल्यापासून किंमतही बरीच उतरली आहे. पण पोटाच्या आणि आतड्याच्या कर्करोगात त्यातल्या काहींनी आतून रक्तस्राव जास्त होतो असं दिसलं, विशेषतः एडोक्साबॅन आणि रिव्हारोक्साबॅनने. ट्यूमर जठरात किंवा आतड्याच्या पहिल्या भागात घुसला असेल तर मी सुईच धरतो. तो भाग ठीक असेल, पेशंट खात-पीत असेल, तर महिनाभर सुया देऊन मग ॲपिक्साबॅनवर नेतो. उलट्या चालू असलेल्या माणसाला गोळी म्हणजे पैसे वाया.

सुई घरी देता येते, रोज सिस्टरकडे जायची गरज नाही. बेंबीपासून चार बोटं बाजूला, कातडीची चिमूट धरून सरळ आत, औषध गेल्यावर सुई काढेपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही. चोळलं की काळंनिळं होतं आणि घरचे घाबरून सुई बंद करतात. डावी-उजवी बाजू आलटून पालटून घ्या. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर त्यातला हवेचा बुडबुडा काढू नका, तो असाच असतो. अर्धवट डोस असेल तर आधी जास्तीचं औषध टाकून मग टोचायचं, ते एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात जमा करा, उकिरड्यावर टाकू नका. आणि आपला उन्हाळा! या सुयांना २५ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय तापमान असतं ते तुम्हाला माहीतच आहे. महिनाभराचा साठा एकदम आणू नका, आठवड्याचा आणा, घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठलं की औषध गेलं.

डोस वजनावर असतो ही गोष्ट मी पुन्हा सांगतो, कारण इथेच सर्वात जास्त चुका होतात. या आजारात वजन झपाट्याने उतरतं. एक पेशंट ६२ किलोचा असताना सुरू झालेला डोस ४९ किलोवर आल्यावरही तसाच घेत होता. चिठ्ठीवर ६० मिलिग्रॅम लिहिलं होतं, मेडिकलवाला ६० देत होता, कुणाचाच काही दोष नाही आणि डोस मात्र रोज जास्त जात होता. उलटंही पाहिलंय. पैसे वाचवायला घरचे एकच सिरिंज दोन वेळा अर्धी-अर्धी देत होते. खर्च झेपत नसेल तर तसं सांगा, लाजू नका. आम्ही गोळीचा विचार करू शकतो, जनऔषधी केंद्रात चौकशी करता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो चालू असेल तर घरी घ्यायच्या सुयांचं काय होईल, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. लपवून अर्धा डोस देणं मात्र नको. त्यात रक्तस्रावाचा धोका राहतो आणि गुठळीवर उपयोग होत नाही.

केमो थांबवायची का, याचं उत्तर थोडक्यात: गुठळीसाठी म्हणून सहसा नाही. गुठळीचं मूळ कर्करोगात आहे आणि केमो त्यावरच काम करते. पण केमोनंतर आठ-पंधरा दिवसांत प्लेटलेट उतरतात, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने मी प्रत्येक सायकलच्या मध्ये एकदा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घेतो आणि त्या आकड्यावर सुईचा डोस ठरवतो. हा निरोप पुण्याला आणि गावच्या डॉक्टरांना दोघांना जायला हवा. माझा आग्रह असतो की या औषधाचा एकच डॉक्टर मालक असावा. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने बंद करायचं, तिसऱ्याने निम्मं करायचं, असं झालं की पेशंट मधल्या मध्ये मरतो. आप्पांच्या बाबतीत तो मालक कोण, हे विचारून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख आणि त्या डॉक्टरांचा नंबर लिहा. स्टेंट बदलायला जाल तेव्हा हे पान आधी दाखवा. दिवसातून दोनदाची सुई अशा कामाच्या साधारण २४ तास आधी थांबवतात, गोळी असेल तर त्याहून आधी. कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे दोन्ही लिहून घ्या. थांबवलेली सुई पुन्हा सुरूच झाली नाही, असे पेशंट मी दरवर्षी पाहतो.

लगेच दवाखाना गाठायचा तो कधी: डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली, रक्ताची उलटी झाली, चक्कर येऊन घाम फुटला, पोट एकाएकी असह्य दुखायला लागलं, पोट भराभर फुगलं, डोक्याला मार लागला. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे झाले तर तो बहुधा स्टेंट तुंबल्याचा प्रकार असतो. गुठळीशी त्याचा संबंध नाही, पण तोही तातडीचाच. पोटात पाणी झालं तर ‘गुठळीनेच झालं’ असं धरू नका. ते कर्करोग पसरल्यानेही होतं. थोडं पाणी काढून तपासायला पाठवलं की बरंचसं कळतं.

किती दिवस? निदान तीन ते सहा महिने. त्यानंतर कर्करोग अंगात आहे, केमो चालू आहे, तोवर बहुधा पुढेही, मात्र दर तीन महिन्यांनी पुन्हा विचार करून.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण सुयांचा प्रश्न मुलाने विचारलाच आहे म्हणून लिहितो. पुढे कधी अशी वेळ आली की केमो थांबली, आप्पा अंथरुणाला खिळले आणि दिवस थोडे उरले, तर त्या वेळी रोज दोनदा पोटात सुई टोचत राहण्यात अर्थ नसतो. ती बंद करणं म्हणजे आप्पांना सोडून देणं नव्हे. दुखणं, मळमळ, झोप यांच्याकडे लक्ष द्यायचं. गुठळीमुळे नवा त्रास झाला तर त्या त्रासाचा इलाज करायचा. आज ती वेळ नाही. आज ते केमोला स्वतःच्या पायाने जाताहेत असं तुम्ही लिहिलंय.

तर पुढच्या भेटीला स्कॅनची सीडी, आधीच्या स्कॅनची सीडी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घ्या. गुठळी नवी की जुनी, शीर भरलीय की आवळलीय, फुगलेल्या शिरांसाठी दुर्बीण लागेल का आणि औषधाचा मालक कोण, एवढं विचारा. आणि निघायच्या आदल्या दिवशी आप्पांचं वजन करून घ्या. आरोग्य उपकेंद्रात काटा असतो, नसला तर किराणा दुकानातल्या पोत्याच्या काट्यावरही चालेल.